सिक्वेल येतोय, पण कुणासाठी?

दादाचा नाहीतर शेजारच्या काकांचा तो जुना कॉम्प्युटर आठवतोय? डेस्कटॉपवर 'व्हाइस सिटी'चा आयकॉन, आणि खुर्चीमागे आपला नंबर कधी लागतोय याची वाट बघणारी तीन-चार पोरं. मिशन पूर्ण करण्यात कुणालाच रस नसायचा. 'पँझर' टाइप केलं की समोर रणगाडा हजर, आणि मग घरातून हाक येईपर्यंत शहरभर धिंगाणा. तुमच्यापैकी अनेकांची गेमिंगशी ओळख अशीच झाली असेल. माझीही तशीच झाली. ती कॉपी कुठून आली, हे मात्र आपण कधी विचारलं नाही.

त्याच व्हाइस सिटीत परत नेणाऱ्या 'जीटीए ६'चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. त्यात वर्ष होतं २०२५. मग २६ मे २०२६ ही तारीख आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ करण्यात आली. प्रत्येक वेळी आपल्या ग्रुपवर मीम्सचा पाऊस पडला. पण मीम्स बाजूला ठेवून जरा वर्षं मोजू या.

'जीटीए ३' आला २००१ मध्ये. 'व्हाइस सिटी' २००२ मध्ये, 'सॅन अँड्रियास' २००४ मध्ये. म्हणजे ज्या तीन गेम्सवर एक अख्खी पिढी वाढली, ते तिन्ही तीन वर्षांच्या आत आले. चौथा २००८ चा, पाचवा २०१३ चा. आणि सहाव्यासाठी तेरा वर्षांची वाट. पाचवा गेम आला तेव्हा तुम्ही प्राथमिक शाळेत होतात, सहावा येईल तेव्हा हातात डिग्री असेल!

असं का झालं? एक कारण सरळ आहे. तेव्हाच्या शहरात इमारतींची दारं उघडायची नाहीत आणि रस्त्यावर तेच पाच-सहा चेहरे फिरायचे, तरी आपण खूश होतो. आता प्रत्येक दुकान, प्रत्येक चेहरा, पाण्यावरची प्रत्येक लाट खरी दिसायला हवी. त्यासाठी माणसं, वर्षं आणि पैसा सगळंच वाढतं. दुसरं कारण कमी बोललं जातं. 'जीटीए ५'च्या २० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आणि त्याच्या ऑनलाइन भागात खोटे पैसे खऱ्या पैशांनी विकत घेणारे लोक वर्षानुवर्षं मिळत राहिले. जुनं दुकान जोरात चालत असताना नवीन दुकानाची घाई कोण करेल?

आणि आता आपल्यासाठी कळीचा मुद्दा. 'जीटीए ६' जाहीर झालाय तो फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या सध्याच्या पिढीसाठी. पीसीबद्दल कंपनीने काहीच जाहीर केलेलं नाही. 'जीटीए ५'सुद्धा कन्सोलवर २०१३ मध्ये आणि पीसीवर २०१५ मध्ये आला होता. म्हणजे ज्या पोरांनी हा गेम पीसीवर डोक्यावर घेतला, त्यांना आधी पन्नास हजारांच्या घरातला कन्सोल घ्यावा लागणार, नाहीतर पुन्हा थांबावं लागणार. कंपनी बेइमान आहे, असं मी म्हणत नाहीये. आपली आठवण तिच्या हिशेबात धरलेलीच नाही, एवढंच. ती आठवण आपण विकत घेतली नव्हती, हेही मान्य करू या.

मग फॅन म्हणून आपण नक्की कशाशी बांधलेले असतो? नावाशी की खेळाशी?

फुटबॉलचं बघा. २०२३ मध्ये 'फिफा' हे नाव गेलं आणि 'ईए स्पोर्ट्स एफसी' आलं. नावावरून बराच दंगा झाला, पण कंट्रोलर हातात घेतल्यावर लक्षात आलं की पास तोच, ड्रिबल तोच, दरवर्षी नव्याने पैसे मागण्याची सवयही तीच. उलट 'पेस'चं नाव बदलून २०२१ मध्ये 'ईफुटबॉल' आला तेव्हा नावासोबत खेळही बदलला होता. फुकट होता, पण अर्धाकच्चा. खेळाडूंचे विचित्र चेहरे जगभर व्हायरल झाले, स्टीमवर तो सगळ्यात वाईट रेटिंगच्या गेम्समध्ये जाऊन बसला आणि कंपनीला माफी मागावी लागली. हॉस्टेलच्या रूममध्ये रात्र रात्र 'पेस'च्या टूर्नामेंट खेळलेल्यांना विचारा, दुखलं ते नाव गेल्याचं नव्हतं.

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक २०२० मध्ये जाहीर झाला, तेव्हा तो बनवत होत्या युबिसॉफ्टच्या पुण्या-मुंबईच्या टीम. केवढी मोठी गोष्ट! पण ट्रेलर आला आणि ग्राफिक्सवरून जगभरातून टपली पडली. जानेवारी २०२१ ची तारीख हुकली, मग पुढचीही हुकली आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. ट्रेलर फिका होता, हे खरंच. मीही तेव्हा हसलो होतो. पण हसताना एक गोष्ट आपण विसरलो. २००३ चा मूळ गेम आज उघडून बघा, तो आपल्या आठवणीइतका देखणा नाही. त्या टीमची तुलना जुन्या गेमशी झालीच नाही, ती झाली आपल्या डोक्यात वर्षानुवर्षं पॉलिश होत राहिलेल्या गेमशी. ती स्पर्धा कोण जिंकणार?

याच सीरिजचा 'द लॉस्ट क्राउन' जानेवारी २०२४ मध्ये आला. पहिल्या ट्रेलरवर फॅन्सनी डिसलाइकचा मारा केला होता. म्हणे, हा प्रिन्सच नाही, हा तर बाजूने दिसणारा टूडी गेम! अहो, १९८९ चा पहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ही बाजूनेच दिसायचा. गेम आल्यावर समीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं. नकाशावर स्क्रीनशॉट चिकटवून 'इथे परत यायचंय' अशी खूण ठेवण्याची त्यातली सोय तर इतकी साधी आणि उपयोगी आहे, की आधी कुणाला कशी सुचली नाही असं वाटतं. पण विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी ती टीम वेगवेगळ्या प्रोजेक्टवर पांगली. 'काहीतरी नवीन द्या' असं ओरडणारे आपणच. नवीन आलं तेव्हा आपण कुठे होतो?

वाट बघायला लावणं हाच गुन्हा आहे, असंही नाही. 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. मूळ गेमला जोडायचा एक भाग म्हणून सुरू झालेलं काम वाढत वाढत स्वतंत्र गेम झालं. ऑस्ट्रेलियातली इनमीन तीन जणांची मुख्य टीम, किंमत २० डॉलर, आणि पहिल्याच दिवशी गर्दीने स्टीमसह ऑनलाइन दुकानं अडखळली. नंतर 'फारच अवघड आहे' म्हणून वाद झाला आणि सुरुवातीचे काही बॉस थोडे सोपे करण्यात आले. पण थांबायला लावलेल्या वर्षांचं काय केलं, ते गेममध्ये दिसत होतं.

म्हणून पुढचा सिक्वेल जाहीर होईल तेव्हा स्वतःला दोन प्रश्न विचारा. यात माझ्या हातांना काही नवीन करायला मिळतंय, की फक्त ओळखीचं नाव आणि चकाचक चेहरा? आणि हे नाव नसतं, तर मी एवढे पैसे दिले असते का? उत्तर येईपर्यंत प्री-ऑर्डरचं बटण दाबू नका. डिजिटल कॉपी काही संपत नाही. दोन आठवडे थांबा, इतरांना खेळू द्या, बग किती आहेत ते कळू द्या. पॉकेटमनी तुमचाच आहे.

१९ नोव्हेंबरची तारीख टिकली तर मीही त्या रात्री कुणाच्या तरी कन्सोलसमोर नंबर लावून बसलेला असेन, खोटं कशाला बोलू! पण तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. 'द लॉस्ट क्राउन' २०२५ मध्ये मोबाइलवरही आलाय आणि सुरुवातीचा भाग फुकट खेळता येतो. एकदा खेळून बघा. मग सांगा, डिसलाइक कशासाठी होतं ते.