फाटकाबाहेरचा माणूस

परवा आमच्या पुतण्याने एक लघुपट करून आणला. वय वीस, तेव्हा उत्साहाला काय तोटा! गिरणीचा भोंगा, धूर, साचे आणि त्यांवर त्याची स्वतःची कविता. मात्र एकही चित्र त्याने कॅमेऱ्याने टिपलेले नव्हते. सारी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतलेली.

माझे वडील १९८२च्या संपापर्यंत गिरणीत साच्यावर होते. मी तेव्हा पाळण्यात. त्यांचा कामावरचा एकही फोटो आमच्या घरात नाही. पडद्यावर साच्यापुढे बनियनमधला एक माणूस उभा राहिला तशी आईने चष्मा पुसला.

"हा कोण रे?"

"कुणी नाही आजी. यंत्राने केलाय."

मी पडलो मराठीचा मास्तर. व्याख्यान दिल्यावाचून कसा राहणार? म्हटले, "बाबा रे, १८९५ साली फ्रान्समधल्या लिओं शहरात ल्युमिएर बंधूंनी आपल्याच कारखान्याच्या फाटकासमोर कॅमेरा लावला. फाटक उघडते, कामगार बायका-पुरुष बाहेर पडतात आणि मिनिटाच्या आत खेळ खलास! ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवलेल्या चित्रांत तेही होते. ती खरी माणसे."

"पण काका, ते तर तीनदा चित्रित केले! नंतरच्या खेपेला कामगार ठेवणीतले कपडे घालून आले होते."

पोराने मला पकडले. मग मी 'नाइट मेल'चा आधार घेतला. ब्रिटिश टपालखात्याच्या फिल्म युनिटचा हा १९३६चा माहितीपट. काव्य ऑडेनचे, संगीत ब्रिटनचे. टपाल छाटण्याचा डबा चक्क स्टुडिओत उभारलेला, आणि गाडीचे हेलकावेही नाटकी. पण पत्रे छाटणारे हात खऱ्या टपाल-कामगारांचे होते. म्हणजे मांडणी करण्यात पाप नाही. ज्याचे काम, तो माणूस तिथे हवा.

आता यंत्राच्या चित्रात माणूस नसतो असेही नाही. तो दिसत नाही, एवढेच. २००९ साली 'इमेजनेट' नावाचा चित्रसंग्रह निघाला. पुढे तो १ कोटी ४० लाखांवर गेला. कोणत्या चित्रात काय आहे, हे यंत्राला शिकवण्यासाठी जगभरच्या हजारो माणसांनी घरोघरी बसून, नगावर मजुरी घेऊन त्यांना नावे दिली. आमच्या वडिलांनाही पगार कापडाच्या मापानेच मिळे! जर्मन दिग्दर्शक हारुन फारोकी याने १९९५ साली शंभर वर्षांतली फाटकाची दृश्ये एकत्र करून दाखवून दिले, की सिनेमा बहुधा काम सुटल्यावरच सुरू होतो. आत काय चालते ते झाकलेलेच. नव्या यंत्राचे फाटक तर दिसतही नाही.

"तुझ्या लघुपटातून दोन कामगार हरवलेत," मी म्हणालो. "एक साच्यापुढचा, दुसरा यंत्राला शिकवणारा."

इतका वेळ गप्प असलेली आई म्हणाली, "चेहरा राहू दे रे. पण हात असे लोंबत नसायचे. झोपेतसुद्धा त्यांची बोटे तुटलेला धागा जोडायची. अशी—"

आणि तिने बोटे हलवून दाखवली.

माझे व्याख्यान तिथेच संपले. पुतण्याने मोबाइल काढून आधी तिची परवानगी मागितली.

लघुपटात यंत्राचा माणूस अजून आहे. तो यंत्राने केला आहे, असे खाली स्पष्ट लिहिले आहे. ज्यांनी यंत्राला शिकवले त्यांच्यासाठीही दोन ओळी आल्या आहेत. कवितेची शेवटची चार कडवी मात्र पुतण्याने गाळली. त्या जागी आता आईची बोटे आहेत.