सुईचे घर

घरातील सर्वांत लहान हत्यार कोणते, असे कोणी विचारल्यास आम्ही सुईचेच नाव घेऊ. परंतु हरवली की साऱ्या घरास वेठीस धरणारी वस्तूही हीच. गेल्या पावसाळ्यात आम्ही तलमडुगु येथील एका कुटुंबाच्या ओसरीवर बसलो होतो. गोधडीस टाके घालता घालता गृहिणीच्या हातून सुई निसटली. शेजारीच कडब्याची पेंढी पडली होती. वृद्ध सासरे तत्काळ उठून म्हणाले, “सूनबाई, सुई सापडेपर्यंत ही पेंढी बैलांपुढे जावयाची नाही.” सुनेस तो अतिरेक वाटला, आम्हांस ते शहाणपण वाटले.

कारण गाय-बैल चारा नीट न चावताच गिळतात. चाऱ्याबरोबर गेलेली सुई त्यांच्या जाळीदार दुसऱ्या पोटात अडकते. पोट आकुंचन पावले की ती पुढे रेटली जाते आणि कित्येकदा पडदा भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. कापसाच्या या काळ्या मुलखात ऐन हंगामात बैल गमावणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

म्हणून सुईला घर द्यावे व तिची मोजदाद ठेवावी. घरासाठी एक पत्र्याचा डबा पुरेसा आहे. रिकाम्या आगपेट्यांची खणे त्यात मांडली की गुंड्या, हुक व टाचण्या यांचे कप्पे होतात. रिळे, कात्री व अंगुस्तान यांच्या जागा ठरवाव्यात. दाभणाच्या टोकास बुचाचा तुकडा खोचावा. सुयांसाठी लहानशी गादी शिवावी. आपले गाव कापसाचे खरे, तथापि गादीत कापूस भरू नये. तो ओल धरतो आणि सुया गंजतात. लोकरीत अंगचा स्निग्धपणा असतो, म्हणून जुन्या घोंगडीचे तुकडे भरावेत. गंज चढलाच तर सुई बारीक पॉलिश-कागदावर हलकेच घासावी. मोडकी सुई उकिरड्यावर न टाकता झाकणाच्या बाटलीत ठेवावी. डबा गोठ्यापासून दूर, मुलांचा हात न पोहोचेल अशा कोनाड्यात असावा.

प्रवासासाठी आपल्या आजोबांची पानसुपारीची चंची आठवावी. तशीच गुंडाळी शिवून एका कप्प्यात लोकरी पट्टीवर टोचलेल्या पाच सुया, दुसऱ्यात पुठ्ठ्यावर गुंडाळलेला पांढरा व काळा दोरा, तिसऱ्यात चार गुंड्या आणि म्यानातली छोटी कात्री ठेवावी. वर नाडी बांधावी. आदिलाबाद जिल्ह्यातील तांड्यांवरच्या बंजारा भगिनींकडे पाहावे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदूर फिरत. तरी कवड्या व आरसे जडवलेले त्यांचे भरतकाम वाटेवर हरवले नाही.

काम संपताच सुया मोजाव्यात. एक कमी भरली तर काठीस लोहचुंबक बांधून जमीन चाचपावी. ती मिळेपर्यंत त्या जागेचा चारा जनावरांस घालू नये.

याफो येथील तबिथा निवर्तली, तेव्हा विधवांनी रडत रडत संत पेत्रास तिने शिवलेले अंगरखे दाखविले, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात आहे. तिच्या सुईचा उल्लेख तेथे नाही. पण इतक्या जणींस वस्त्रे पुरविणाऱ्या त्या बाईची सुई रोज जागच्या जागी सापडत असावी, असे आम्हांस वाटते.