तलवारीला नाव चिकटवण्याआधी

२०२५ साली महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. सरळ, एकधारी, युरोपीय पाते आणि त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘सेनासाहेबसुभा’ या किताबासह रघुजींचे नाव. इतका स्पष्ट पुरावा क्वचितच एखाद्या शस्त्रावर सापडतो. बाकीच्या हजारो तलवारी मुक्या आहेत आणि त्यांना बोलते करण्याच्या घाईत संग्राहक आज इतिहासाचे नुकसान करत आहेत.

तलवारीची मूठ आणि पाते बहुधा राळ किंवा लाख ओतून जोडलेले असते. मूठ तापवली की पाते सुटते. पूर्वी पाते मोडले तर धनी जुन्या मुठीत नवे पाते बसवून घेई, त्यामुळे एकाच तलवारीत दोन प्रांत आणि दोन शतके नांदताना दिसतात. हाही इतिहासच. पण तीच सोय आज विक्रेत्यांच्या पथ्यावर पडते. एकीकडची नक्षीदार मूठ, दुसरीकडचे पाते आणि वर ताजे कोरलेले एखाद्या सरदाराचे नाव. सोन्याची तार ठोकून नक्षी भरणारे कसबी कारागीर उदयपुरात आजही आहेत, तेव्हा सोनेरी अक्षरे म्हणजे अस्सलपणा, हे समीकरण सोडून द्यावे. भिंगाखाली अक्षर पाहावे. सोने गंजाच्या खळग्यात उतरलेले असेल, तर आधी गंज चढला आणि नाव मागून आले. पात्यावरची जर्मनीतल्या झोलिंगेनच्या लांडग्याची किंवा इटलीतल्या जिनोव्हाची खूणही पुरेशी नाही, कारण मागणी असलेल्या या खुणांची नक्कल इथले लोहार जुन्या काळातच करत होते.

नाव किती जपून द्यावे, याचा धडा वाघनखांनी दिला आहे. २०२४ मध्ये ती लंडनहून साताऱ्याला आली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेल्या त्या शस्त्राच्या पेटीवर शिवाजी महाराजांचा उल्लेख आहे, तरीही हीच महाराजांची वाघनखे असे ठामपणे सांगता येत नाही, असे खुद्द लंडनच्या संग्रहालयाचे म्हणणे आहे. भावना दुखावतील म्हणून अशी वाक्ये गिळणे मला घातक वाटते.

खोट्या नावाइतकीच हानी साफसफाईने होते. खंडेनवमीला शस्त्र पुजायचे म्हणून ते लिंबू आणि राखेने घासायचे, हल्ली तर पॉलिश पेपरने. वर ओले हळदकुंकू, त्याखाली पुन्हा गंज. या घासण्यात काय जाते? बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर ठिपक्याठिपक्यांनी नोंदी टोचलेल्या आहेत. त्यांतल्या काही नोंदी १६८९ च्या दख्खनमधल्या आदोणीच्या लुटीचा माग देतात. असे ठिपके दोन-चार दसऱ्यांत पुसले जातात आणि गेल्यावर कोणताही तज्ज्ञ ते परत आणू शकत नाही. पूजा जरूर करावी, पण मऊ कापड आणि तेलाचा पातळ हात एवढ्यावर थांबावे.

मग या मुक्या तलवारी कोणाच्या? मराठा फौजेतला बारगीर सरकारी घोड्यावर लढे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. वाड्यांतल्या कित्येक तलवारी अशा साध्या शिलेदारांच्या असणार. त्यांचा माग घरातल्या मोडी कागदांत, इनामाच्या सनदेत, पुण्याच्या पेशवे दप्तरात लागू शकतो. मात्र त्यासाठी तलवार कोणत्या गावातल्या कोणत्या घरातून निघाली, हे ठाऊक हवे. नेमके तेच बाजारात पुसले जाते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने हत्यार ही पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. चोरवाटेने निघालेल्या तलवारीचे गाव सांगणे विकणाऱ्याच्या अंगाशी येते, म्हणून तो गाव गाळतो आणि त्या जागी एक मोठे नाव लावतो. घेणाराही त्या नावालाच पैसे मोजतो. घराण्याचा कागद मागणारे गिऱ्हाईक विरळा, आणि असे गिऱ्हाईक येईतोवर एका अनाम शिलेदाराच्या तलवारीचा माग कायमचा तुटलेला असतो.