वशिला नको, वार्ता हवी

दहावी-बारावीचे निकाल लागले की गोव्याच्या गावोगावी एक ठरीव क्रम सुरू होतो. पहिल्या आठवड्यात पेढे वाटले जातात. दुसऱ्या आठवड्यापासून ज्ञातिसंस्था आणि मंडळे यांच्या गुणगौरव समारंभांच्या निमंत्रणपत्रिका वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत येऊ लागतात. आमच्याही टेबलावर त्यांचा ढीग पडतो. त्यानंतर आमदार-मंत्र्यांच्या दारांत पालकांची वर्दळ वाढू लागते. ज्यांच्या मुलांनी नव्वद टक्के गुण मिळविले त्यांचे पहिले दोन आठवडे कौतुकात जातात. ज्यांच्या पाल्याच्या गुणपत्रिकेवर पंचेचाळीस टक्के आहेत त्यांना हे कौतुक वाट्यास येत नाही आणि ते थेट मंत्र्याच्या दाराची वाट धरतात. दहावीच्या परीक्षेत शेकडा नव्वदांहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण होऊ लागल्यापासून या दुसऱ्या वर्गातील घरांची संख्या घटलेली नाही, उलट वाढली आहे. आणि आजचा हा अग्रलेख त्यांच्यासाठी आहे.

या घरांना नेमके काय हवे असते? मुलाने यापुढे काय शिकावे, कोठे शिकावे, त्याला खर्च किती, अर्जाची मुदत केव्हा संपते आणि शिकून झाल्यावर पोट भरेल की नाही, एवढेच त्यांना कळावयास हवे असते. ही माहिती गुप्त नाही. परंतु ती गावात पोहोचत नाही, आणि पोहोचते तेव्हा मुदत टळून गेलेली असते. मग माहितीची जागा ओळख घेते. ज्याला मिळाले त्याला ते ‘कोणीतरी दिले’ असे वाटते. ज्याला मिळाले नाही त्याला आपला वशिला कमी पडला असे वाटते. हक्काची गोष्ट कृपा ठरते ती अशी.

या समजुतीची किंमत गोमंतकीयांनी नुकतीच मोजली आहे. २०२४ च्या उत्तरार्धात सरकारी नोकरी मिळवून देतो असे सांगून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे एकापाठोपाठ एक उघडकीस आली आणि पोलिसांनी अनेकांना अटक केली. फसविणाऱ्यांचा गुन्हा न्यायालयापुढे सिद्ध व्हावयाचा तो होईल. परंतु फसले गेलेले सारेच काही भोळे नव्हते. त्यांत शिकलेसवरलेले होते, अंगावरचे सोने मोडून पैसे देणारे होते. नोकरी ही मागील दाराने विकली जाणारी वस्तू आहे अशी त्यांची खात्रीच झालेली होती. म्हणून तर त्यांनी पावती मागितली नाही. सरकारी भरतीसाठी कर्मचारी निवड आयोग नेमण्याचा कायदा गोव्यात २०१९ साली झाला. आयोगामार्फत परीक्षा होऊ लागल्या हे स्वागतार्हच आहे. तथापि परीक्षा कितीही निर्दोष घेतली तरी सरकारी जागा मूठभर आणि इच्छुक हजारो, हे गणित बदलत नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या हजारोंचा. त्यांच्यासाठी मार्गच नाहीत काय?

मार्ग आहेत. १९६१ साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, संसदेने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. त्याखालील नियमांत २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तीस वा अधिक माणसे कामावर असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत आणि त्यांना विद्यावेतन दिले पाहिजे. दोनशे माणसांच्या कारखान्यात हा आकडा किमान पाच होतो. वेर्णे, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांची पाटी रोज पाहत बसमधून जाणाऱ्या किती घरांना हे ठाऊक आहे? फर्मागुडी आणि काकोडा येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कोणते व्यवसाय शिकवले जातात, त्यांपैकी कोणत्यांना आठवी पुरते आणि कोणत्यांना दहावी लागते, हे त्या संस्थांपासून दोन कोसांवर राहणाऱ्या पालकालाही सांगता येत नाही.

शिक्षणाचेही तसेच. संसारामुळे वा गरिबीमुळे शाळा सुटलेल्या सुनेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत घरी राहून दहावी-बारावी करता येते. सारे विषय एकदम द्यावयाचे नसतात. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेस बसण्याची मुभा असते, आणि एकेक विषय पदरात पाडून घेता येतो. उच्च शिक्षणासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे. हे ज्यांना ठाऊक असते त्यांची मुले पुढे जातात; ज्यांना ठाऊक नसते ते सावकाराकडे किंवा मंत्र्याकडे जातात.

ही उणीव आपल्या पूर्वजांनी ओळखली होती. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच तिचा इतिहास आहे. परकीय सत्तेखाली मराठी शिक्षणाला राजाश्रय नव्हता, तेव्हा १९०८ साली मूठमूठ तांदळाच्या बळावर शाळा चालविण्याची कल्पना निघाली. दोन वर्षांनी पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, हिंदूंवरची बंधने सैल झाली आणि गोव्यात शाळा व वाचनालये निघू लागली. सरकारकडे कोणी शाळा मागितली नव्हती. मागून मिळण्यासारखीही नव्हती. पोटासाठी मुंबईस गेलेल्यांनी तेथे १९१९ साली गोवा हिंदु असोसिएशन स्थापन केली. आज लोक तिला मराठी रंगभूमीच्या सेवेसाठी ओळखतात, परंतु गरजू विद्यार्थ्यांना हात देणे हेही तिच्या कार्याचे एक अंग राहिले आहे.

आपल्या ख्रिस्ती बांधवांचा धडा तर याहूनही व्यवहारी आहे. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात त्यांनी आपापल्या गावांच्या नावे ‘कूड’ म्हणून ओळखली जाणारी वसतिगृहे उभारली. जहाजावर चाकरीच्या शोधात आलेल्या तरुणाला तेथे पथारी टाकण्यापुरती जागा आणि पेटी ठेवण्यापुरता कोपरा मिळे. परंतु त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तेथे वार्ता मिळे. कोणते जहाज केव्हा सुटणार, कोठे माणसे हवी आहेत, कोणता दलाल लबाड आहे, हे आधी गेलेला नंतर येणाऱ्याला सांगे. गावचा म्हणून ओळख होतीच. पण ती एका कुटुंबाची नव्हती, साऱ्या गावाची होती. ओळख आणि वशिला यांत भेद आहे तो एवढाच.

मुक्तीनंतर चित्र पालटले. १९६३ साली आलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी शाळा काढल्या आणि ज्या वाड्यांवर अक्षर पोहोचले नव्हते तेथे ते पोहोचले. त्याचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जे जे हवे ते सरकार देईल ही सवय त्याच काळात जडली. पूर्वी खाजनाचा बांध फुटला की गाव मातीची टोपली घेऊन धावत असे. पुढे अर्ज घेऊन धावू लागला. बांधाची जी गत झाली तीच गावच्या मुलांच्या भवितव्याची झाली. त्यांची काळजी वाहणे हे गावाचे काम आहे हे गाव विसरले.

त्याचे परिणाम खाणपट्ट्यात दिसले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील ज्या घरांत ट्रकच्या चाकाशिवाय उत्पन्नाचे दुसरे साधन नव्हते त्यांची कशी अवस्था झाली हे सर्वांनी पाहिले. न्यायालयाचा निर्णय योग्य की अयोग्य हा प्रस्तुत प्रश्न नव्हे. ज्या गावाला एकच धंदा ठाऊक असतो ते गाव तो धंदा थांबताच आंधळे होते, ही गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे.

आता कोणी म्हणेल की हातोहाती मोबाईल असताना वार्ता पोहोचत नाही हे म्हणणे हास्यास्पद आहे. वस्तुतः मोबाईलने अडचण वाढविली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नोकरीच्या जाहिराती रोज फिरत असतात. त्यांतील खरी कोणती, दोन वर्षांपूर्वीची कोणती आणि ‘नोंदणी शुल्क’ म्हणून पाचशे रुपये लुबाडणारी कोणती, हे सांगणारा कोणी नसतो. वार्ता म्हणजे पडताळलेली माहिती. पडताळण्यासाठी जबाबदार माणूस लागतो, आणि तो माणूस यंत्रात नसतो, गावात असतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गोव्यात १९९३ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, १९९४ पासून पंचायतराज कायदा आहे आणि त्यांनुसार गावोगावी ग्रंथालये व ग्रामसभा आहेत. प्रत्येक गावाने आपल्या वाचनालयात, आणि वाचनालय नसेल तेथे पंचायत कचेरीत, एक वही ठेवावी. तिचे तीन भाग असावेत: काम, शिक्षण आणि सेवा. पहिल्यात आसपासच्या कारखान्यांतील, दुकानांतील, शेतीतील कामे आणि शिकाऊ उमेदवारीच्या जागा; दुसऱ्यात अभ्यासक्रम, शिष्यवृत्त्या, कर्जे व त्यांच्या मुदती; तिसऱ्यात गावाला स्वयंसेवकांची गरज कोठे आहे त्याची नोंद. प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून मिळाली, कोणी पडताळली आणि मुदत केव्हा संपते हे लिहिलेले असावे. ज्या कामासाठी आगाऊ पैसे मागितले जातात त्याला वहीत स्थान नसावे. रविवारी दोन तास एखादा निवृत्त शिक्षक वा बँकेतील निवृत्त कारकून तेथे बसला आणि अर्ज भरण्यास त्याने हात दिला, तर निम्मे काम झाले. प्रत्येक ग्रामसभेत ही वही मोठ्याने वाचली जावी, म्हणजे वाचता न येणाऱ्या आईलाही ती कळेल.

यास सरकारी निधी लागत नाही. रोजगार विनिमय केंद्राची ही जागा घेईल असेही आमचे म्हणणे नाही. मालकांनी रिकाम्या जागा कळवाव्यात हे बंधन कायद्याने १९५९ सालीच घातले. परंतु ते कळविण्याचे बंधन होते, त्याच केंद्रामार्फत जागा भरण्याचे नव्हे, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे पत्राची वाट पाहणारी पिढी आपण पाहिली आहे. गावची वही नोकरी देणार नाही. दार कोठे आहे ते दाखवील. आत शिरण्याचे कष्ट ज्याचे त्यानेच करावयाचे आहेत.

एक गोष्ट मात्र आपल्या समाजाला स्पष्टपणे सांगावयास हवी. आपल्या देवस्थानांजवळ सभागृहे आहेत, अग्रशाळा आहेत आणि वर्षातील बराच काळ त्या रिकाम्या असतात. तेथे अभ्यासिका का असू नये? ज्ञातिसंस्था आपापल्या मुलांना शाली-श्रीफळे देतात. ज्याला नव्वद टक्के मिळाले त्याला शालीवाचून काही अडत नाही. ज्याला पंचेचाळीस मिळाले त्याला त्या दिवशी सभागृहात बोलावून जवळ बसवणारी संस्था आमच्या पाहण्यात विरळा. आणि ही वही ज्ञातीची, धर्माची वा पक्षाची असता कामा नये. भाट एकाचे, वाडा दुसऱ्याचा, अशा हिशेबाने ती लिहिली गेली तर तो वशिल्याचाच नवा अवतार ठरेल. वाड्यावरच्या कुळाच्या मुलीला जी वार्ता महाजनाच्या मुलाइतक्याच वेळेवर कळते, तीच खरी गावची वार्ता.

सेवेचा भाग शेवटी ठेवला तो गौण म्हणून नव्हे. जत्रेला आणि शिगम्याला आपल्या तरुणांचा उत्साह ओसंडून वाहतो. उरलेले वर्ष तो कोठे वापरावा हे त्यांना कोणी सांगत नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवा द्यावी अशी अपेक्षा असते. हे तास बहुधा आवार झाडण्यात आणि मिरवणुकीत खर्ची पडतात. त्याऐवजी एकट्या राहणाऱ्या वृद्धाला बँकेत नेणे, पाचवीतल्या मुलाचे वाचन पक्के करून घेणे, झऱ्यातला गाळ उपसणे, ही कामे गावाने लिहून दिली तर? अशा कामातून मुलाला माणसे कळतात, जबाबदारी कळते, आणि पुष्कळदा आपल्याला काय जमते हेही प्रथमच कळते. सेवेतून शिक्षणाची आणि शिक्षणातून कामाची वाट निघते ती अशी.

येत्या ग्रामसभेत रस्ता, गटार आणि दिवे यांचे प्रश्न येतीलच; ते यावेतही. त्यांच्या शेवटी एखाद्या नागरिकाने उभे राहून विचारावे, ‘आमच्या गावची वही कोठे आहे?’ पहिल्या वेळी लोक हसतील. परंतु मुष्टिफंडाच्या काळी दारी मूठभर तांदूळ मागणाऱ्यालाही कोणी ना कोणी हसलेच असेल. आज तांदूळ नको आहेत. आपल्याला जे ठाऊक आहे त्यातील मूठभर शेजाऱ्याच्या मुलाला द्यावयाचे आहे, आणि तेवढे देण्याइतका श्रीमंत गोव्यातला प्रत्येक गाव आहे.