थंडीतली धाव आणि अंगावरचे कपडे

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा कित्येकदा १० अंशांखाली उतरतो. तरी वस्तीतली मुलं-मुली पहाटे घोळक्याने धावायला निघतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यामुळे सराव थांबवून चालत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की जाड स्वेटर घालून धावू नका. धावताना शरीर तापते, घाम येतो. थांबल्यावर तोच ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. सुती बनियन घाम धरून ठेवते. पॉलिस्टरची जुनी जर्सी लवकर वाळते. आत जर्सी आणि वर पातळ विंडचीटर पुरे. निघताना थोडे गार वाटले, तर कपडे बरोबर आहेत असे समजा. कानटोपी घाला. हातमोजे नसतील तर पायमोजेच हातांवर चढवा. अंधारात गाडीवाल्यांना दिसावे म्हणून कपडे फिकट रंगाचे असावेत.

धाव संपताच ओला कपडा बदला, मगच स्वेटर घाला. मुलींना बदलायला आडोसा नसतो, म्हणून त्या ओल्या कपड्यांतच घरी येतात. मैदानाजवळच्या घरांनी किंवा विहाराने पहाटे एक खोली उघडून द्यावी.

ट्रॅकसूट नाही म्हणून कोणी मागे राहू नये. घरोघरी पडून असलेल्या जर्सी, टोप्या, स्वेटर धुऊन एकत्र करा. ज्याला लागेल त्याने न मागता घ्यावे, अशी ती पिशवी गटाची असू द्या.