टाचदुखीचे उपचार आणि विम्याचे दरपत्रक

सकाळी पहिले पाऊल जमिनीवर टेकताच टाचेच्या आतील बाजूस जी तीव्र कळ उठते, ती घेऊन येणारा रुग्ण बहुधा "डॉक्टर, हाड वाढलंय" असे निदान स्वतःच करून आणि तापलेल्या विटेवर रुईची पाने ठेवून टाच शेकण्याचे प्रयोग संपवून आपल्यापुढे येतो. क्ष-किरणचित्रातील तो कंटक वेदनारहित टाचांतही आढळतो, व्याधीचे मूळ प्लांटार फॅशियाच्या अस्थिलग्न टोकाशी असते, आणि बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून वर्षभरात बरे होतात, हे आपणांस ठाऊकच आहे. प्रश्न आहे तो या बरे होण्याचे श्रेय ज्या उपचाराला द्यावयाचे, त्याचे मोल कोणी द्यावे याचा.

अमेरिकेतील रॉचेस्टर येथे डिजोव्हानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या व्यायामाने आठ आठवड्यांत अधिक उतार पडला, तो असा: खाटेच्या कडेला बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, एका हाताने बोटे नडगीकडे ओढावीत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यातील पट्टा ताणला गेला की नाही हे चाचपावे, दहा आकडे मोजावेत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि त्यांतील पहिली खेप पहिले पाऊल टाकण्यापूर्वी. हे शिकवून, करवून घेऊन, पुढील भेटीत चुका सुधारण्यास वेळ लागतो. स्टेरॉइडची सुई टोचण्यास तो लागत नाही. सुईचा आराम मात्र बहुधा काही आठवड्यांचा, आणि तिच्यामागे पट्टा तुटण्याचा व टाचेखालील मेदाची गादी झिजण्याचा धोका उभाच.

अमेरिकेत पादचिकित्सकांना १९६७ च्या कायदेदुरुस्तीने मेडिकेअर या सरकारी विम्याच्या चिकित्सकवर्गात स्थान मिळाले. तेथे सुईला २०५५० हा स्वतंत्र संकेतांक आहे. पादचिकित्सकाने व्यायाम शिकविण्यात घालविलेला वेळ मात्र सामान्यतः तपासणीच्या शुल्कातच मिसळून जातो, आणि बुटांतील आधार-तळवे मेडिकेअर, मधुमेहींच्या विशेष पादत्राणांसारखे अपवाद सोडल्यास, कायद्यानेच नाकारते. त्यातच दर ठरविण्याचा गुणक २००१ मधील सुमारे ३८.२६ डॉलरांवरून २०२५ मध्ये ३२.३५ वर उतरला होता. टाचदुखीवरील आघात-तरंगांच्या यंत्राला तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००० सालीच मान्यता दिली, तरी कित्येक विमाकंपन्या तो उपचार प्रायोगिक ठरवून दावा नामंजूर करतात.

तथापि तेथील तंटा दराचा आहे. आपल्याकडे मुळात तरतुदीचाच अभाव आहे. १९८६ साली सुरू झालेल्या मेडिक्लेमपासून आजतागायत आपल्या विम्याचा पाया इस्पितळात दाखल होणे हा राहिला. चोवीस तासांची अट आहे, आणि तिला अपवाद म्हणून असलेल्या 'डे केअर'च्या प्रमाणित व्याख्येतूनही सामान्यतः बाह्यरुग्ण म्हणून होणारे उपचार स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. दाखल होण्यापूर्वीचा व नंतरचा खर्च मिळतो, पण तो दाखल झाल्यासच. बाह्यरुग्णसेवेची पुरवणी विकणाऱ्या कंपन्या आहेत, परंतु तिची मर्यादा सहसा तुटपुंजी असते. मग रुग्णच विचारतो, "एक दिवस ॲडमिट दाखवता येईल का?" या प्रश्नाला आपले उत्तर निःसंदिग्ध 'नाही' हेच असले पाहिजे, कारण टाचेत सुई देण्यासाठी रात्रभर खाट अडविणे हे वैद्यकीयदृष्ट्या निराधार आणि विमाकराराच्या दृष्टीने लबाडीचे आहे. पण ज्या गृहिणीचा किंवा दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या शिपायाचा हप्ता वर्षानुवर्षे बिनचूक भरला गेला आहे, त्याला भौतिकोपचाराच्या चार भेटींचे पैसेही न मिळता शस्त्रक्रियेचे मात्र मिळावेत, ही व्यवस्था अन्याय्य आहे, हेही आपण तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे.

आमची सूचना मर्यादित आहे. टाचदुखीसाठी तपासणी, व्यायामशिक्षण आणि पाठपुराव्याच्या तीन-चार भेटी यांचा एकत्रित दर ठरवून तो पॉलिसीत अंतर्भूत करावा, असा अर्ज विमा नियामक प्राधिकरणाकडे रुजू करण्याचा आमचा मानस आहे. त्यासाठी वाचकांनी आपल्या पावत्यांवर व्यायामशिक्षणाची नोंद आजपासून वेगळ्या रकान्यात, वेळेसह करावी, आणि नामंजूर झालेल्या दाव्यांच्या पत्रांच्या नकला, रुग्णाचे नाव व पॉलिसी क्रमांक खोडून, या कार्यालयाकडे पाठवाव्यात.