आधी माणसांना भेटा

वस्तीत काही अन्याय घडला की कुणीतरी हमखास म्हणतं, "टाका एक जनहित याचिका!" टाका, जरूर टाका. पण आधी एक जुनी हकिगत ऐका.

मे 1982. पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात 15 स्त्री कैद्यांना भेटल्या. पाच जणींनी सांगितलं, पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बारसेंनी तसं पत्र सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं आणि निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन अहवाल द्यायला सांगितलं. फेब्रुवारी 1983 मध्ये निकाल आला: स्त्रियांची कोठडी वेगळी, पहाऱ्याला महिला पोलीस, आणि स्त्रीची चौकशी महिला पोलिसासमोरच.

लोकांच्या लक्षात राहतं ते पत्र. मला त्याआधीच्या 15 भेटी मोठ्या वाटतात.

म्हणून वीटभट्टीवर कुणाला डांबून ठेवलं असेल, मजुरी बुडवली असेल, वसतिगृहात मुलांचे हाल होत असतील, तर आधी त्यांच्याजवळ बसा. कुणाला, कुठे, कोणत्या तारखेला काय झालं, ते त्यांच्याच शब्दांत एका वहीत उतरवून घ्या. संबंधित कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या (पोचेशिवाय अर्ज म्हणजे नुसता कागद). माहिती अधिकारात विचारा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. जिवाला धोका असेल तर मात्र थांबू नका.

आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या नावानं कोर्टात जाऊ नका. मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्यांच्या खटल्यात 1985 साली न्यायालयानं उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरीही झोपड्या हटवायला परवानगी मिळालीच, फक्त पावसाळ्यानंतर. निकाल असाही लागतो, हे ज्यांचं घर जाणार त्यांना आधीच ठाऊक हवं.

भाऊबंदकी, भाडेकरूशी भांडण, स्वतःची बदली असल्या गोष्टी जनहिताच्या नावाखाली नेऊ नका. कोर्ट दंड ठोकतं, आणि ठोकावाच.

वकिलाच्या फीची धास्ती नको. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, कोठडीतले लोक यांना 1987 च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा, नाहीतर 15100 वर फोन करा. जाताना ती वही तेवढी बरोबर घ्या.